तारखेभोवतीचा लाल गोल

बर्फ बघत बसायचा कुणी पगार देतं, हे ताईच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. पण तिचं काम तेच. उपग्रह रडारने समुद्रावरच्या बर्फाची चित्रं काढतो. ढग असोत, अंधार असो, त्याचं काही अडत नाही. कालचं आणि आजचं चित्र शेजारी लावायचं, कालची भेग आज कुठे सरकली ते शोधायचं आणि तिथपर्यंत बाण काढायचा. असे शंभरेक बाण झाले, की बर्फ कुठे निघालाय ते कळतं.

त्या दुपारी जेवून ती जागेवर बसली. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. एका मालवाहू जहाजाने विचारलं होतं, खाडीत थांबू की मागे फिरू? चारपर्यंत उत्तर हवं होतं. आता त्याच जहाजावर तिचा धाकटा भाऊ स्वयंपाकी. जीव टांगणीला लागला होता, पण हात सराईत. बाण भराभर पडले, सगळे खाडीबाहेर निघालेले. म्हणजे बर्फ दूर चाललाय. तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लिहिलं, 'थांबा. वाट मोकळी होतेय.'

पाठवायला बोट उचललं आणि... टक टक. काचेवर नखाने वाजवावं तसं.

तिने खिडकीकडे पाहिलं. चौथा मजला, बाहेर नुसतं ऊन. मग वास आला, मेणाच्या पेन्सिलीचा, आणि तिच्या अंगावर काटा आला. त्या वासाचा माणूस एकच, तिला हे काम शिकवणारे मास्तर. पहिला बाण काढण्याआधी ते संगणकाच्या पडद्याच्या कोपऱ्यातल्या तारखेवर दोनदा नख वाजवायचे आणि लाल पेन्सिलीने काचेवरच तारखेभोवती गोल काढायचे. सफाईवाल्या मावशी त्यांच्या नावाने खडे फोडायच्या. मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं, आणि हा पडदा तर गेल्याच महिन्यात आलेला.

कोपऱ्यात, तारखेभोवती, लाल गोल होता.

तिने गोलातली तारीख वाचली आणि पायाखालची वाळूच सरकली. जे आजचं म्हणून लावलं होतं, ते कालचं, आणि कालचं म्हणून लावलेलं, ते आजचं. सकाळी उपग्रहाकडून चित्रं येणारी लाइन अडली होती, त्यामुळे कालचं चित्र आजच्या नंतर उतरलं आणि चित्रांच्या यादीत वर जाऊन बसलं. वरचं ते नवं, असं तिने धरलं. तारीख बघितलीच नाही. म्हणजे प्रत्येक बाण उलटा. बर्फ खाडीबाहेर नाही, खाडीत घुसत होता.

लिहिलेलं खोडून तिने नवी ओळ पाठवली, 'ताबडतोब मागे फिरा.'

दुसऱ्या दिवशीच्या चित्रात खाडी गच्च भरली होती, मुंगीला शिरायला जागा नव्हती. जहाज बाहेर, मोकळ्या पाण्यात, एवढासा ठिपका. ताई टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडली. मग डोळे पुसले, फडकं ओलं केलं आणि तो गोल पुसायला गेली. गोल जाईना. बोट फिरवून पाहिलं, तर काच गुळगुळीत. रेघ आतून होती.

तेवढ्यात भावाचा फोन आला. घरात स्वतःच्या चपला सापडत नाहीत आणि एवढ्या लांबचा बर्फ बरा सापडतो, म्हणून त्याने तिची भरपूर थट्टा केली. तीही हसली. कालपासून पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला होता.

"बाकी सगळं ठीक ना रे?"

"मजेत. फक्त माझ्या खोलीच्या खिडकीवर कालपासून कुणीतरी लाल गोल काढून ठेवलाय. आतून पुसला, बाहेरून पुसला... जातच नाही."

ताईने फोन कानाशी घट्ट धरला. फोनमधून हलकेच आलं... टक टक.

"कोण आहे तिथे?"

"कोणी नाही. मी एकटाच आहे."

तिने डोळे मिटले.

"राहू दे तो," ती हळूच म्हणाली. "पुसू नकोस."