जमिनीखालचं सरबत

"पोरांनो, पाणी काय छान आहे रे तुमचं!" मिस्टर बुशार सरबताचा ग्लास रिकामा करत म्हणाले. "नाहीतर माझी विहीर! पेट्रोलचा नुसता भपकारा येतो!"

"पण तपासणीत इथलं जमिनीखालचं पाणी स्वच्छ निघालं ना?" ग्रेटाने विचारलं.

"निघालं खरं. मुलगी म्हणते, बाबा, तुमचं नाकच म्हातारं झालंय!" ते हसले आणि काठी टेकत उताराखालच्या आपल्या घराकडे निघाले.

थिओ खो खो हसला. जोसीला मात्र हसू फुटेना.

बंद पडलेल्या पेट्रोल पंपाच्या आवारात या तिघांनी सुट्टीपुरता सरबताचा ठेला मांडला होता. पंप कधीच गेला, पण त्याच्या जमिनीखालच्या टाक्या गळल्या होत्या. पेट्रोल कुठवर पसरलंय ते कळावं म्हणून आवारात अरुंद नळ्या खोल उतरवून त्यांवर लोखंडी झाकणं बसवली होती. रँडल नावाचा माणूस येऊन त्यांतलं पाणी काढायचा आणि तपासायला पाठवायचा.

"काय गं, तोंड का पाडलंस?" थिओने विचारलं.

"माझ्यामुळे झालंय हे सगळं!" जोसीला रडूच फुटलं. "मागच्या वेळी रँडलला ती गंजलेली झाकणं उघडेनात. त्याने माझ्याकडे आमच्या घरचं बादलीभर पाणी मागितलं आणि तेच बाटल्यांत भरलं. कुणाला सांगू नकोस म्हणाला, आइस्क्रीम दिलं... आणि मी खाल्लं!"

"म्हणजे तुमच्या घरच्या नळाचं पाणी तपासून आलं?" ग्रेटा किंचाळली. "आणि ते बिचारे आजोबा अजून ते घाण पाणी पितायत!"

"बावळट! आधी का नाही बोललीस?" थिओ भडकला. "आज पर्यावरण खात्याच्या बाई येणार आहेत. आजचंही पाणी स्वच्छ निघालं, तर तपासणीच बंद! नळ्या सिमेंटने बुजवणार!"

तेवढ्यात रँडलची गाडी आवारात शिरलीच.

"ए पोरी, बाई यायच्या आत एक बादली दे बघू!" तो खिडकीतूनच ओरडला.

जोसीने ग्रेटाकडे पाहिलं. ग्रेटाने डोळा मारला, ठेल्यावरच्या पाण्याच्या बादलीत अर्धा डझन लिंबं पिळली आणि बिया तेवढ्या काढून टाकल्या. रँडल फोनवर मासेमारीच्या गप्पा छाटत होता. जोसीने पुढे केलेल्या बादलीतून न बघताच त्याने बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या आणि पेटीत ठेवल्या!

खात्याच्या बाई आल्या. "सगळ्या नळ्यांतलं पाणी काढलंत?"

"एकूण एक!" रँडल छाती फुगवून म्हणाला.

"बाई, एक बाटली हुंगून बघा ना!" थिओ पुढे झाला.

बाईंनी बाटली उघडली, हुंगली आणि भुवया उंचावल्या. "लिंबू? मिस्टर रँडल, इथे जमिनीखाली सरबत वाहतं का?"

रँडल घाईघाईने पेटी बंद करू लागला. बाईंनी हातोडी आणि पाना मागवला. बराच वेळ खाटखूट केल्यावर कुठे एक झाकण निघालं. दोरीला बांधलेला नळीसारखा बारीक, पारदर्शक पोहरा त्यांनी आत सोडला. तो वर आला, तेव्हा पाण्यावर तेलकट, रंगीत तवंग होता. वासाने सगळ्यांनीच नाकं दाबली.

"ते पाणी अजिबात पिऊ नका!" बाईंनी मिस्टर बुशारना बोलावून सांगितलं. "दोन दिवसांत खात्याकडून पाणी येईल. आणि या मुलांचे आभार माना!"

"शाब्बास!" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "घरचेही हसत होते मला. तुम्ही तेवढा विश्वास ठेवलात!"

जोसीला ते ऐकवेना. "मला नका शाबासकी देऊ! मागच्या वेळी पाणी मीच दिलं होतं. तुम्ही रोज वासाबद्दल सांगत होतात आणि मी गप्प बसले!"

मिस्टर बुशारनी काठी जमिनीवर आपटली.

"राग आलाय मला, पोरी," ते म्हणाले. "आला नाही असं खोटं कशाला सांगू?"

जोसीने मान खाली घातली. "खात्याचं पाणी येईपर्यंत मी आणून देईन. रोज. आताही आणते."

ती धावत घरी गेली आणि मोठा कॅन काठोकाठ भरून आली. उचलताना तिचा चेहरा लालबुंद झाला होता. थिओने हात पुढे केला.

"नको. मीच नेते!"

दोनदा टेकवत, कपडे भिजवत तिने तो त्यांच्या ओट्यावर चढवला. मिस्टर बुशारनी पेला भरला, सावकाश प्यायला आणि मग तोच पेला पुन्हा भरून धापा टाकणाऱ्या जोसीपुढे धरला.

"घे. आणि उद्या लवकर ये, मी पहाटेच उठतो."