टेपचं दुसरं टोक

घरात कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारली, तर तुम्ही आधी 'ओ' देता, की आधी उठून बघता कोण आहे ते? 'ओ'च देत असाल. सगळेच देतात. माझी मुलगी देत नाही. मी स्वयंपाकघरातून कितीही ओरडले तरी ती गप्प राहते, दारात येऊन माझं तोंड बघते आणि मगच बोलते. मला त्याचं वाईट वाटत नाही. का, ते सांगते. दिवा जरा इकडे सरकवा, वारा लागतोय त्याला.

मी आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला आहे. शिक्षण माझं दहावीपर्यंतचं. फरशांचे नमुने लावून ठेवायचे, पुठ्ठ्याची मॉडेलं कापायची, चहापाणी बघायचं आणि जागेवर मापं घ्यायला जायचं असलं की टेपचं टोक धरायचं. सगळं ऑफिस मला मावशी म्हणतं. माझी मुलगी शिकून आर्किटेक्ट झाली आणि मॅडमनी तिला हौसेनं आमच्याच ऑफिसात घेतलं. पहिल्या दिवशी तीही सगळ्यांसमोर ऐटीत म्हणाली, "मावशी, जरा ती फाइल द्या."

मी म्हटलं, "देते हं मॅडम. पण संध्याकाळी डबे तुम्ही घासा."

अख्खं ऑफिस हसलं होतं.

घरी ती ठकी. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी ताठ बसायची म्हणून मीच ठेवलेलं नाव. ते ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्याशिवाय त्या नावाने तिला हाक मारणारं आता कुणी उरलंही नाही. तिचे वडील गेल्यापासून आम्ही दोघीच.

तर एक अर्धवट राहिलेली इमारत आमच्याकडे आली. बांधणाऱ्याने मध्येच हात वर केले होते आणि बरीच वर्षं ती नुसत्या सांगाड्यावर उभी होती. ती पुरी करायची होती. ठकीचं हे पहिलंच स्वतंत्र काम. निघताना मॅडम म्हणाल्या, "जुन्या नकाशावर विश्वास ठेवू नकोस. कागदावर भिंत सरळ असते, जागेवर ती पोट काढून उभी असते. सगळं नव्याने मोज."

दुपारी आम्ही पोचलो. राखणदार फाटक उघडायला आला.

"मोजायला का? आधीही आले होते मोजणारे. दोघं होते."

"मग त्यांची मापं कुठायत?" ठकीने विचारलं.

"काम अर्धवट टाकून गेले."

"दोघंही?" मी सहज विचारलं.

तो कुलपाशी खटपट करत होता. "अंधार पडायच्या आत खाली उतरा," एवढंच म्हणाला.

खालचे मजले भराभर उरकले. चौथ्या मजल्यावर मात्र जिन्यापासून आत एक लांब बोळ जात होता. दोन्ही बाजूंना खोल्या, पुढे उजेडच नाही. खाली सगळीकडे कबुतरांच्या घाणीचा आणि गंजलेल्या सळ्यांचा वास होता. इथे ओल्या सिमेंटचा होता. अगदी कालच ओतल्यासारखा. मी पायाने जमीन चाचपली. कोरडी ठणठणीत.

ठकीने लेझरचं यंत्र काढलं. त्याचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर पडला की अंतर कळतं. तिने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. दर वेळी आकडा आधीपेक्षा कमी येत होता.

"काय गं?"

"मध्ये कुणी उभं राहिलं ना, की असं होतं." ती यंत्र झटकत म्हणाली. "बॅटरी उतरली असेल. टेप काढ, आई. नकाशात शेवटाला सामानाची खोली दाखवलीय. तिच्या मागच्या भिंतीपर्यंत जा."

टेप आमचा नवाकोरा, गेल्याच आठवड्यात ठकीने आणलेला. पोलादी पट्टीचा, लांबलचक, हाताने गुंडाळायचा. तिने डबा बोळाच्या तोंडाशी ठेवला आणि ती बाजूच्या खोलीत खिडकीचं माप लिहायला गेली. मी टोक घेऊन आत निघाले. थोडंसंच गेले असेन, एवढ्यात माझा फोन वाजला. मॅडमचा. धड ऐकू येईना. मी टोक एका विटेखाली दाबून ठेवलं, "फोन आहे गं" असं ओरडले आणि जिन्यापर्यंत परत गेले. तिला ते ऐकू गेलं नव्हतं.

बोलणं दोन मिनिटांचंच झालं. मी वळले, तर ठकी खोलीतून बाहेर येऊन माझ्याकडे पाठ करून उभी होती. एका बगलेत नकाशा, हातात टेपचा डबा.

"आई, धरलंस?" तिने अंधारात विचारलं.

'अगं, मी इकडे आहे,' म्हणायला मी तोंड उघडलं. त्याआधीच आतून उत्तर आलं.

"धरलंय."

आवाज माझा होता.

आपला आवाज आपल्याला ओळखता येत नाही म्हणतात. मला आला. त्या दिवशी माझा घसा बसला होता. तोसुद्धा त्यात होता.

टेप जमिनीवरून उचलला गेला आणि ताठ झाला. पोलादी पट्टी ताणली की बारीक गुणगुणते. ती गुणगुण मला जिन्यापाशी ऐकू येत होती.

"नीट भिंतीला लाव गं," ठकी म्हणाली.

"इथे नकाशासारखं नाहीये काही..." आतून आवाज आला. "वेगळंच आहे. येऊन बघ ना, ठके."

ठकी टेप गुंडाळत गुंडाळत निघाली.

"ठके, थांब!" मी ओरडले.

ती थबकली. तिने मान वळवली. माझ्या पाठीमागे जिन्याचा उजेड होता. तिला माझं तोंड दिसत नसणार, नुसती काळी आकृती.

"आई...?"

"मी इकडे आहे. आत जाऊ नकोस."

"मी इकडे आहे," आतला आवाज म्हणाला. "मागे बघू नकोस."

मी जे बोलेन ते तोही बोलणार होता, माझ्याच आवाजात, माझ्याच मायेने. ठकी एकदा माझ्याकडे बघत होती, एकदा अंधाराकडे. मग तिने आपल्या हाताकडे पाहिलं. टेप ताठ होता. दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं.

"टेप तर तिच्याकडे आहे," ती पुटपुटली.

आणि पोटची पोर मला घाबरून, माझ्यापासून लांब, आत पळाली.

त्यानंतर मी तोंडातून शब्द काढला नाही. शब्दांचा उपयोग नव्हता. चपला टाकून धावले. माझी चाहूल लागली तशी ती जास्तच जोरात पळायला लागली. ओल्या सिमेंटचा वास नाकातोंडात भरला. हाताला पहिली लागली ती तिची वेणी. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि मागे ओढली. दोघी आडव्या झालो. टेपचा डबा तिच्या हातातून हिसकला गेला, खरखरत पुढे गेला आणि एकदम त्याचा आवाज थांबला.

मी तो कशावर तरी आपटल्याचा आवाज ऐकायला कान लावून बसले. तो आलाच नाही.

मी टॉर्च लावला. ठकीच्या पायांपुढे एका पावलावर जमीन संपत होती. नकाशातली सामानाची खोली तिथे नव्हतीच. तिथे लिफ्टसाठी सोडलेली विहीर होती. फळ्या नाहीत, कठडा नाही, नुसता काळा चौकोन.

मी तिचा हात माझ्या चेहऱ्यावर फिरवला. नाकावर, कपाळावरच्या जुन्या व्रणावर. तेव्हा कुठे ती मला बिलगली आणि तिने माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. तिला रडूही फुटत नव्हतं.

आणि मग विहिरीतून, अगदी हळू, विचारल्यासारखा आवाज आला. आता तो माझा नव्हता. ठकीचा होता.

"आई... धरलंस?"

मी माझ्या लेकीला घट्ट धरलं होतं. उत्तर दिलं नाही. तिला तशीच कवेत घेऊन, मागे न वळता खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मोठे दिवे आणि माणसं घेऊन गेल्या. मीही गेले. ठकी आली नाही. टेप विहिरीत खाली पडलेलाच नव्हता. विहिरीच्या पलीकडच्या भिंतीवरून तो लोंबत होता, डबा खाली हेलकावे खात होता. कमरेला दोर बांधून एक माणूस तिथवर पोचला. आमच्या जमिनीच्या पातळीवर माणूस उभा राहिला तर त्याचा हात जिथे येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर टेपचं टोक काँक्रीटच्या आत गेलेलं होतं. फट नव्हती, भोक नव्हतं. भिंत जुनी, सांगाड्याबरोबरच ओतलेली. त्याने ओढून पाहिलं, हातोडीने ठोकून पाहिलं, शेवटी पत्रा कापायच्या कात्रीने टेप कापला. भिंतीबाहेर वीतभर पट्टी राहिली होती. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू आत ओढली गेली.