रोशनचे अकरा रोजे

"ऋताताई, माझा ट्रेड झाला म्हणे. खरंय?"

रोशनचा आवाज इतका बारीक झाला होता, की ऋताने आधी नंबर पाहिला. चिपळूणचा हा पोरगा एरवी फोनवर ओरडूनच बोलायचा.

"कुणी सांगितलं?"

"बहारीनहून, मनामाच्या क्लबचा मेल आलाय. रविवारी हजर व्हा म्हणे. ताई, पर्णिकाला आठवा लागलाय. डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. इथला इन्शुरन्स, फ्लॅट, सगळं क्लबचं. तिला कुठे ठेवू?"

शेवटच्या नंबरावर आलेला हा दुबईचा बास्केटबॉल संघ नव्याने उभा करायचा होता. कुणाला द्यायचं, कुणाला घ्यायचं, याचे पर्याय संघाची आकडेवारी सांभाळणाऱ्या ऋतानेच मांडले होते. नियम साधा होता. रोशनच्या खेळाचे गुण पंचावन्नच्या वर असतील, तर त्याला हात लावायचा नाही. खाली गेले, तर त्याला मनामाला देऊन त्यांचा उंच सेंटर घ्यायचा. काल रात्री गुण होते एकसष्ट.

तिने अल कुसैसमधल्या क्लबच्या छोट्या ऑफिसात बसल्या जागी गुणांचा तक्ता उघडला. अठ्ठेचाळीस!

कुणीतरी हात फिरवला होता. सकाळी पावणेदहाला, मिटिंग रूममधल्या, सगळे वापरत त्या कॉम्प्युटरवरून. बदल दोनच होते. नवख्या आरवची उंची एकशे अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर होती, ती एकशे एकोणनव्वद केली होती. ती ऋताचीच चूक होती, दुरुस्ती बरोबर होती. दुसरा बदल 'रोजा' या रकान्यात. रमजानमध्ये उपाशीपोटी सराव करणाऱ्याचा खेळ उतरतो, म्हणून त्या सामन्यांना गुणांत सूट असे. रोशनच्या अकरा सामन्यांपुढचं 'हो' पुसून 'नाही' केलं होतं.

तिने सहायक कोच सिद्धार्थला गाठलं.

"परवा रोशनशी भांडलास ना?"

"रोज भांडतो! पासच देत नाही गाढव. म्हणून त्याला घालवीन?"

"पावणेदहाला कुठे होतास?"

"मिटिंग रूममध्ये. मी, साजिदा, अण्णा. प्रत्येकाने तक्ता चाळला."

"रोशन रोजे ठेवायचा, माहीत होतं?"

"इफ्तारला माझ्याच ताटातली भजी पळवायचा. माहीत नसायला काय झालं?"

फिजिओ साजिदा तर चिडलीच. "वो कॉलम मैंने ख़ुद भरा था, ऋता. उसका रूममेट यासिर भूखा रहे और ये सामने बैठकर खाए, इससे होता नहीं था. मैं क्यों मिटाऊँगी?"

उरले मॅनेजर अण्णासाहेब. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून पुण्याहून महिन्याभराने, ईद झाल्यावर परतलेले. येताना सगळ्यांना बाकरवडी आणि ऋताला एका बुवांच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग. रोशनला ते लेकरासारखं मानायचे.

तीन वाजता ऋताने तिघांना अण्णांच्या केबिनमध्ये बसवलं. कीर्तनात पूर्वरंगातलं सगळं उत्तररंगात एका कथेत ओवायचं असतं. ऋताला मात्र ही कथा तोंडावाटे काढवत नव्हती.

"ज्याला रोशनला घालवायचं होतं," ती म्हणाली, "तो आरवची उंची कशाला दुरुस्त करील? हा हात बिघडवणाऱ्याचा नाही. चुका काढणाऱ्याचा आहे."

"मग रोजे?" सिद्धार्थने विचारलं.

"तीही त्याला चूकच वाटली. चिपळूणचा हिंदू मुलगा, त्याच्यापुढे रोजा? तक्त्यात वरच्या यासिरची ओळ चुकून खाली उतरली असणार, असं वाटलं. पण ज्याने रोशनला इफ्तारला पाहिलं, त्याला असं वाटणार नाही. सिद्धार्थने पाहिलं. साजिदाने पाहिलं. आपल्यातलं एकच माणूस तो सगळा महिना इथे नव्हतं."



अण्णांनी चष्मा काढला. "मला वाटलं, तुझी चूक निस्तरतोय," ते म्हणाले. "त्या रकान्यावर गुण अवलंबून असतात, हे ठाऊकच नव्हतं गं. बारा वाजता आकडा पाहिला, जीव तुटला. पण नियम आपणच केलेला. डोळे मिटून ट्रेडवर सही केली."

त्यांनी मनामाला फोन लावला. स्पीकरवर पलीकडचा माणूस हसून म्हणाला, "हबीबी, लीग में रजिस्टर हो गया. अब तो खलास."

अण्णांनी लीगला फोन केला. तिथेही तेच उत्तर. मग मालकांना. मालक म्हणाले, सेंटर चांगला मिळालाय, आता मागे कशाला जायचं?

रोशन आला, तेव्हा अण्णा उठून उभे राहिले. कुणावर न ढकलता त्यांनी सगळं सांगितलं. "पर्णिका माझ्या घरी राहील. इथेच, अल बर्शाला. तुझी काकू सगळं बघेल. इन्शुरन्सचं..." इन्शुरन्सचं त्यांच्या हातात काहीच नव्हतं.

रोशनने रागवावं, तर समोर हा माणूस.

"अण्णा," तो म्हणाला, "मला एकदा विचारायचं ना. मी बाहेर कोर्टवरच होतो."

अण्णांनी दोन्ही हात जोडले. रोशनने ते धरून खाली केले आणि ऋताकडे वळला.

"ताई, रविवारी विमान कितीचं आहे?"