उत्तर दाराचा उंबरा

बंधू एव्रारला माफी मिळाली. मठाधिपतींनी स्वतः हात देऊन त्याला उठवलं, सगळ्यांनी त्याला मिठ्या मारल्या, आणि दुपारी पावट्याच्या आमटीत लोणी जरा जास्तच पडलं. मोंतर्वालच्या मठात कुणालाही विचारा, हेच सांगतील. आपण मात्र यातलं काही घडलंच नाही असं धरून चालू. एव्रारचंही म्हणणं तेच आहे.

एव्रार तसा साधा गडी. बर्गंडीच्या द्राक्षमळ्यात वाढलेला, खांद्यांनी रुंद आणि गळ्याने बेसूर. प्रार्थनेच्या वेळी शेजारी उभा राहणारा गोस्बेर त्याला म्हणायचा, "बाबा रे, तू देवाची स्तुती करतोस की त्याला धमकी देतोस?" दोघं एकाच दिवशी मठात आले होते, गोस्बेर सकाळी आणि एव्रार दुपारी. मठात वय, घराणं, अक्कल यांना कवडीची किंमत नाही. जो आधी आला तो आधी बसतो. त्यामुळे जेवताना, गाताना, झोपताना गोस्बेरनंतरची जागा एव्रारची, मरेपर्यंत. त्या जागेखेरीज जगात त्याच्या मालकीचं काहीच नव्हतं. अंगावरचा झगासुद्धा मठाचा होता.

भानगड झाली ती रक्तावरून.

मठात ठरावीक हंगामाला प्रत्येकाची शीर उघडून रक्त काढत. मग त्याला आजारखोलीत विश्रांती, पांढरा पाव आणि कोंबडीचा रस्सा. गोस्बेरला रस्सा प्राणप्रिय, पण शीर कापायचं नस्तर नुसतं दिसलं तरी तो घामाने निथळायचा. मग टोपी नाकापर्यंत ओढून त्याच्या पाळीला एव्रार जाऊन बसायचा. झग्यात सगळे बंधू सारखेच. गोस्बेर आजारखोलीत लोळायचा आणि अर्धा रस्सा एव्रारला चोरून आणून द्यायचा. एव्रारला हा व्यवहार मैत्रीचा वाटे. रक्त पुन्हा तयार होतं, असं त्याने ऐकलं होतं.

यंदा वैद्यबंधू ओद्रिकने त्याला हात धुताना पाहिलं. दोन्ही दंडांवर ताजे काप.

"दोनदा?" ओद्रिकने विचारलं.

एव्रारने बाह्या खाली ओढल्या आणि संध्याकाळी गोस्बेरला गाठलं. "त्याला कळलंय. उद्या सभेत विषय निघणार. पण तू घाबरू नकोस, मी तुझं नाव घेणार नाही."

"माहीत आहे रे," गोस्बेर म्हणाला, आणि त्याचा हात दाबला.

मठात रोज सकाळच्या सभेत बंधू एकमेकांचे अपराध सांगतात. ज्याच्यावर आरोप होतो त्याने तोंडातून शब्द न काढता पालथं पडायचं. ज्याने आरोप केला त्याच्यावर उलट आरोप करायची मुभा नाही. थोडक्यात, जो आधी बोलला तो सुटला. ओद्रिकने अजून घसासुद्धा खाकरला नव्हता, तोच गोस्बेर उभा राहिला.

"आपला बंधू एव्रार दुसऱ्याच्या जागी जाऊन बसला."

"कोणाच्या?" मठाधिपतींनी विचारलं.

"टोपी खाली ओढलेली होती, फादर," गोस्बेर म्हणाला. "दिसलं नाही."

एव्रार पालथा पडला. फरशीवर नाक टेकलेलं असताना त्याला पहिल्यांदा जाणवलं की गोस्बेरचा आवाज किती सुरेल आहे.

शिक्षा नेहमीचीच. प्रत्येक प्रार्थनेच्या वेळी देवळाच्या उत्तर दारात पालथं पडायचं. बाकीचे ओलांडून जातील. कुणी बोलणार नाही, बघणार नाही, जेवण सगळ्यांच्या मागून, एकट्याने. मठाधिपती नाव घेऊन "पुरे" म्हणतील तेव्हा उठायचं.

उत्तर दाराचा उंबरा चांगला पुरुषभर रुंद, एकाच दगडाचा. वर्षानुवर्षं माणसं पडून पडून त्याला खळगे पडले होते. कपाळाला एक, छातीला एक, गुडघ्यांना दोन. एव्रार त्यात इतका नेमका बसला की त्याला जरा संकोचच वाटला. मग त्याच्या लक्षात आलं, शेजारी तस्सेच आणखी खळगे आहेत. तिकडचा दगड गार होता. गार असायलाच हवा.

काही दिवसांनी तो कोमट लागला.

एव्रारला वाटलं, ऊन येत असेल. उत्तर दाराला ऊन येत नाही, हे त्याला नंतर आठवलं. मग शेजारून श्वास ऐकू येऊ लागला. मान वर करायची मनाई, त्यामुळे दिसायची फक्त झग्याची कड. त्याने ठरवलं, आणखी कुणाला तरी शिक्षा झाली असणार. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटलं.

"तुझ्यावर कोण उलटलं?" त्याने दगडाशी ओठ नेऊन विचारलं.

उत्तर नाही. नियम पाळणारा दिसतो, एव्रार मनाशी म्हणाला.

मग रोज तोच बोलत राहिला. गोस्बेरबद्दल, रश्शाबद्दल, सकाळ-दुपारच्या हिशेबाबद्दल. आईने फुटक्या भांड्याच्या काठाला लावलेल्या लाखेबद्दल. थंडीत कडकडणाऱ्या उजव्या गुडघ्याबद्दल. शेजारचा ऐकायचा. असं ऐकणारं माणूस एव्रारला आयुष्यात भेटलं नव्हतं. एकदा एव्रार खोकला, तर शेजारून तोच खोकला आला, किंचित उशिरा.

दुसऱ्या दिवशी उशीर झाला नाही.

आणि मग एका सकाळी मठाधिपतींच्या वहाणा त्याच्या डोक्याशी येऊन थांबल्या.

"एव्रार, पुरे."

त्याने हात पुढे केला. मठाधिपतींचा हात खाली आला आणि शेजारच्याच्या हातात गेला.

उजवा गुडघा कडकडला. एव्रारचा नव्हे.

एव्रारने मान वर केली. झग्याच्या पाठीवर त्याने स्वतः घातलेलं वाकडं ठिगळ होतं. ते ठिगळ आत गेलं, रांगेत गोस्बेरच्या शेजारी जाऊन उभं राहिलं आणि गाऊ लागलं.

सुरात.

एव्रार धडपडत त्याच्या मागोमाग आत गेला. कुणी त्याला अडवलं नाही. कुणी बघितलंही नाही. शिक्षेतल्या माणसाकडे बघायचं नसतं, आणि त्याला तर कुणी पुरे म्हटलेलं नव्हतं. त्याने ओद्रिकचा झगा ओढला. ओद्रिकने तो हळूच सोडवून घेतला आणि पुढचं कडवं उचललं.

गोस्बेर त्याला अंगणातल्या हौदापाशी एकटा सापडला.

"गोस्बेर! माझ्याकडे बघ."

गोस्बेरने बघितलं. नीट, खालपासून वरपर्यंत. ओळख पटल्याची खूण चेहऱ्यावर लपत नाही.

"हळू बोल," तो कुजबुजला. "तुझ्याशी बोलणं अपराध आहे."

"तो कोण आहे?"

"मला ठाऊक नाही."

"पण मी नाही, हे तर ठाऊक आहे ना?"

गोस्बेरने हात धुतले. पुन्हा धुतले.

"मग सांग ना सभेत! तुला येतं ना, आधी उठून बोलायला!"

"एव्रार, तो माझ्यावर रागावलेला नाही," गोस्बेर म्हणाला. "आल्या आल्या त्याने मला मिठी मारली. तू मारली असतीस?"

एव्रारला खोटं बोलता येत नसे.

"तेच तर," गोस्बेर म्हणाला. "जा, आडवा हो. घंटा होईल."

एव्रार गेला. दुसरीकडे जायला त्याला जागा नव्हती.

पुढच्या हंगामात गोस्बेरची पाळी आली. त्या दिवशी ओद्रिक रिकामा वाडगा घेऊन उत्तर दारावरून गेला. तो सोबतच्या बंधूला म्हणत होता, "गोस्बेरची दोनदा शीर उघडली. एक थेंब नाही! आणि बसलाय कसा, तर टोपी ओढून मजेत गुणगुणत. असला कोरडा माणूस मी नाही पाहिला."

गोस्बेरच्या घशाखाली त्या रात्री रस्सा उतरला नाही म्हणे. त्यानंतर तो नस्तराला स्वतः जातो, आणि शेजारच्या जागेकडे न बघता गातो.

मध्यंतरी दूरच्या मठातला एक पाहुणा आला होता. उंबरा ओलांडताना तो थबकला.

"हा कोण?"

"असतोच कुणीतरी," मठाधिपती म्हणाले, आणि त्याला हात देऊन पलीकडे घेतलं.

शेजारचे खळगे सध्या गार आहेत. एव्रार रोज तळहात ठेवून बघतो. कुणी येऊन पडलंच, तर काय करायचं ते त्याने ठरवलं आहे. काही बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. तोवर प्रत्येक प्रार्थनेला, वहाणा डोक्यावरून जात असताना, तो दगडाला ओठ लावून आपला अर्ज सादर करतो:

"पूज्य मठाधिपती, मोंतर्वाल, यांच्या चरणी. उत्तर दाराच्या उंबऱ्यावर पडलेल्या बंधूची नम्र विनंती, की आपल्या सोयीने केव्हाही, येता-जाता, एकदा 'पुरे' असं म्हणण्यात यावं. नावाचा आग्रह नाही. कुणाचंही चालेल."