लिफ्टसमोरची पोकळ भिंत

ऐकीव गोष्ट म्हणून कुणी हे वाचणार असेल, तर त्याने इथेच थांबावं. यातलं सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. आणि ज्याच्या बाबतीत घडलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आत्ता बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसलाय.

रात्रबित्र काही नव्हती. शनिवारची सकाळ होती. घड्याळात सव्वा अकरा.

दादा आणि मी भिंतींना टाइल लावायची कामं घेतो. तो लावतो, मी तपासते. तपासणं म्हणजे काय, तर लावून दिवस उलटला की थापीच्या लाकडी मुठीने भिंत वीत-वीत वाजवत जायची. टाइलमागे सिमेंटचा मसाला नीट भरला असेल तर आवाज येतो 'टक्'. कुठे हवा राहिली असेल तर 'डब'. जिथे 'डब' येईल तिथे खडूने रेघ मारायची आणि तेवढ्या टाइल काढून पुन्हा लावायच्या. हे आम्हाला बाबांनी शिकवलं. माझा कान इतका तयार आहे की दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "हिला मुलगा दाखवला ना, तर ही आधी त्याचं डोकं वाजवून बघेल."



काम एका जुन्या ऑफिसच्या इमारतीत होतं. तळमजल्यावर लिफ्टसमोरची लांब भिंत. एका टोकाला लिफ्ट, दुसऱ्या टोकाला बाहेर जायचं काचेचं दार. मालकाला तिथे राखाडी रंगाच्या मोठ्या टाइल हव्या होत्या, दगडासारख्या खरखरीत.

जुना रंग खरवडताना लिफ्टजवळ एक डाग दिसला.

तेलकट, काळपट. खुर्चीवर बसून कुणी वर्षानुवर्षं डोकं टेकवलं की पडतो तसा. वर डोक्याचा गोल आणि खाली दोन खांदे.

दादाने छिन्नी हातात घेतली. "हे विटेपर्यंत फोडायला लागेल. तेलावर मसाला धरत नाही."

बरोबरच होतं त्याचं. पण पुढच्या शुक्रवारी काम ताब्यात द्यायचं होतं आणि मी घाईला आले होते.

"अरे, चढव वर. झाकून जाईल," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. "नंतर ओरडू नकोस."

माझं ऐकलं त्याने. तेवढीच एक चूक, आणि ती माझी.

तर शनिवार. मी लिफ्टच्या बाजूने वाजवायला सुरुवात केली.

टक्. टक्. टक्.

आणि डागाच्या जागेवर... डब.

वाटलंच होतं. मी पोकळ भागाभोवती खडू फिरवला. मागे सरकून पाहिलं, तर खडूची आकृती हुबेहूब त्या डागाची. डोकं, खांदे. खुर्चीवर बसलेला माणूस.

मी फोटो काढला. दादा म्हणाला, "बघ, सांगितलं होतं."

सोमवारी त्याने त्या टाइल काढल्या. निघता निघेनात. एक तर फुटलीच.

मागे मसाला गच्च भरलेला होता. कुठेही बोटभर पोकळी नाही.

"तुझा कान गेला कामातून," दादा हसला. मीही हसले. या वेळी त्याने डागाची जागा विटेपर्यंत फोडली आणि नवीन टाइल लावल्या. बाकीची भिंत पुन्हा एकदा वाजवून घ्यावी म्हणून मी थापी उचलली.

टक्. टक्.

दाराच्या बाजूला चार फूट सरकले, आणि... डब.

शनिवारी ही जागा भरीव होती. मी स्वतः वाजवली होती. खडू फिरवत गेले. खांदे आता माझ्या खांद्यांच्या वर होते. डोकं त्याहून वर. खाली दोन पाय, जमिनीपर्यंत.

तो उभा राहिला होता.

 मागे झाडू मारणाऱ्या मावशी थबकल्या होत्या. त्या तिथे कितीतरी वर्षं कामाला आहेत.

"हे कुणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी. का हो मावशी?"

"एक खांदा खाली आहे. वॉचमनचा तसाच होता."

मग त्यांनी सांगितलं. लिफ्टजवळ एक वॉचमन बसायचा. एकोणीस वर्षं, तीच खुर्ची. दुपारी डोकं भिंतीला टेकवून डुलकी काढायचा, सगळ्यांच्या सवयीचं झालं होतं. एके दिवशी तो सकाळीच तसा बसला. लोक आले, गेले. कुणी 'काय काका, झोपलात का' म्हणून चिडवलंसुद्धा. संध्याकाळी दिवे लावायला मावशी गेल्या तेव्हा कळलं.

"दिवसभर कुणी हात लावून बघितलं नाही हो," मावशी म्हणाल्या. "मीसुद्धा दोनदा त्यांच्या पायाखालून झाडून गेले."

मी दादाला म्हटलं, काम सोडू. तो वैतागला. "खडूच्या रेघोट्यांना घाबरून? लहान आहेस का तू?"

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर दादा नेहमीसारखा पाय पसरून भिंतीला टेकला. दाराजवळच्या टोकाला. डोळे मिटले.

मी थापी घेतली. आज शेवटचं वाजवायचं आणि संपवायचं.

लिफ्टपासून सुरू केलं. टक्. टक्. पहिल्या दिवशीची जागा... टक्. कालची जागा... टक्.

कुठेच काही नाही. मला बरं वाटायला हवं होतं. पण जसजशी दाराकडे सरकत होते तसतशी मी हळू वाजवत होते.

कारण भिंत संपत आली होती.

वाजवायची राहिली होती ती फक्त दादाच्या मागची जागा.

"दादा, सरक जरा."

तो हलला नाही.

मी त्याच्या उजव्या खांद्याशेजारी थापीची मूठ वाजवली. डब.

डाव्या खांद्याशेजारी... डब.

डोक्याच्या वर... डब.

मी किंचाळले. दंड धरून त्याला पुढे ओढलं. तो डोळे चोळत उठला. "काय गं? काय झालं?"

 मी लगेच तो टेकला होता ती जागा वाजवली.

टक्. टक्. टक्.

भरीव. पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत वाजवली. सगळी भिंत भरीव. इतकी स्वच्छ भिंत आम्ही आजवर कधी दिली नव्हती. जिवात जीव आला. जे काही होतं ते गेलं, असं मी स्वतःला समजावलं.

कुठे गेलं, हे तेव्हा विचारायला हवं होतं.

त्या संध्याकाळी घरी जेवताना दादाला ठसका लागला. वहिनी पाणी आणायला उठली. मी शेजारीच होते. नेहमी मारतो तशी त्याच्या पाठीवर थाप मारली.

डब.

माझा हात तिथेच राहिला. वहिनी म्हणाली, "अगं, मार ना अजून." माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टरांना दाखवलं. छाती तपासली, फोटो काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले, थोडा थकवा असेल. दादा जेवतो, बोलतो. फक्त कामावर येत नाही. सकाळी उठला की दाराजवळच्या खुर्चीवर बसतो आणि डोकं मागे टेकवून डोळे मिटतो. उजवा खांदा थोडा खाली असतो.

त्याचे खांदे सारखे होते. लहानपणी मी दोन्हींवर बसून हिंडले आहे.

परवा वहिनी फडकं घेऊन त्या खुर्चीमागच्या भिंतीशी झटत होती. "हा डाग बघ गं. रंग दिल्याला महिना नाही झाला. कसला तेलकट झालाय, निघतच नाही."

मी पाहिलं. वर गोल, खाली दोन खांदे. एकोणीस वर्षांचा डाग, अकरा दिवसांत.

वहिनीला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू? की तो छिन्नी घेऊन उभा होता आणि मी म्हटलं झाकून जाईल?

एवढंच करते की त्याला दिवसभर नुसता बसू देत नाही. दर थोड्या वेळाने हाक मारते. "दादा?" तो डोळे न उघडता "हं" म्हणतो. मग मी पुन्हा कामाला लागते.

हे लिहितानाही आतून हाका मारतेय. मघाशी मारली तेव्हा 'हं' आला. मी वहिनीला ओरडून म्हटलं, "जागा आहे ना गं तो?"

ती म्हणाली, "तू हाक मारलीस, पण तो काहीच बोलला नाही."

ती त्याच्या शेजारीच उभी होती.