शेवटचा वापर: आज

दार लोटून घ्या आणि गुपचूप बसा. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्यांच्यावर गुदरली त्या सूचीकाकांच्या, म्हणजे ग्रंथालयाची सूची सांभाळणाऱ्या आमच्या काकांच्या, शेजारच्या खोलीत मी बावीस वर्षं पुस्तकं बांधलीत.

आमच्या विज्ञान ग्रंथालयात शोधनिबंध हुडकायची जुनी ऑनलाइन यंत्रणा बंद होऊन नवी यायची होती. चांगलं चाललेलं मोडल्याशिवाय वरच्यांना झोप कुठली! मुहूर्त ठरला नोव्हेंबरच्या तीस तारखेचा, शनिवारी रात्री बाराचा. ज्या वाचकाने आपल्या खात्यात ‘होय’ दाबलं, त्याचं खातं नव्यात जाणार. बाकीची सगळी पुसली जाणार. सूचीकाका रात्री दहाला शेवटची यादी तपासायला गेले. तासाभराचं काम. घरी भाची तापाने फणफणलेली, म्हणून लवकर उरकायचं होतं.

भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, बबडी. बहीण याच ग्रंथालयात बसून बुरशीवर संशोधन करायची. तीन वर्षांपूर्वी ती अपघातात गेली आणि पोर मामा-मामीकडे आली. तेव्हापासून दर एकविसाव्या दिवशी ताप. चार डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, पण निदान काही होईना. पोर वाळून काडी झाली होती.

सव्वाअकराला यादीत बहिणीचं नाव आलं. खातं बंद करताना कारण निवडावं लागतं: बदली, निवृत्ती की मृत्यू. काकांच्याने तो तिसरा शब्द दाबवला नव्हता. नियम धाब्यावर बसवून त्यांनी खातं तसंच ठेवलं होतं. आता त्यासमोर लिहिलं होतं, ‘शेवटचा वापर: आज, १०.४०.’

कुणीतरी पासवर्ड लाटलाय, या विचाराने काकांचं डोकं फिरलं. त्यांनी खात्यावरचे शोध काढले.

‘मुलगी, आठ वर्षे, ताप, दर एकवीस दिवसांनी.’

त्याखाली तेच. पुन्हा तेच. मग ‘सात वर्षे’. मग ‘सहा वर्षे’.

तारखा काकांना तोंडपाठ होत्या. एकूण एक तारीख बबडीच्या तापाच्या रात्रीची होती.

शोध कुठून झाला तेही नोंदलेलं असतं. वाचनकक्ष, खिडकीजवळचा कॉम्प्युटर. काका किल्ल्या घेऊन निघाले. कुलूप काढलं. दिवा लावला. खिडकीजवळ टेबल होतं. कॉम्प्युटर नव्हता… तो आठवड्यापूर्वीच उचलून नेला होता.

खुर्ची मात्र मागे सरकवलेली. कुणी नुकतंच बसावं तशी…

काका दारातच थांबले. मग त्या रिकाम्या खुर्चीशी बोलले.

“अगं, बारा वाजता सगळं पुसणारेत. ‘होय’ दाब. तुझ्याऐवजी मला नाही दाबता येत.”



भिंतीवरच्या घड्याळात अकरा छप्पन्न…

“दाब गं. पोर हातची जाईल…”

अठ्ठावन्न…

खोली गार पडली. आणि कीबोर्डचं बटण दाबल्याचा आवाज आला. एकदाच.

काका धावतच आपल्या टेबलाशी आले. बहिणीचं नाव नव्या यादीत गेलं होतं. तिच्या खात्यात एक निबंध जपून ठेवलेला होता, अशाच तापावरचा, चाळीस वर्षांपूर्वीचा, कुणी नावही न ऐकलेल्या नियतकालिकातला.

सोमवारी डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. वेगळी तपासणी सांगितली, मग औषध बदललं. पुढचा एकविसावा दिवस उजाडला आणि बबडी गॅलरीत दोरीच्या उड्या मारत होती. मामी रडली. काकाही रडले, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

त्या रात्री त्यांनी नव्या यंत्रणेत बहिणीचं खातं उघडलं. आता तिने निवांत व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बबडीच्या तापाचे शोध खरंच थांबले होते.

पण सगळ्यात वर एक नवा शोध होता. त्याच दिवशीचा.

‘पुरुष, एकोणसाठ वर्षे, डावा हात रात्री बधिर, घरात सांगितलेले नाही.’

काकांना त्याच महिन्यात एकोणसाठ पूर्ण झाली होती. हाताचं त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नव्हतं…

खाली ओळ होती: ‘एकही निबंध सापडला नाही.’