न मेलेल्या ओटिलीची खोली

"जपून, तिसरी पायरी ओली आहे..." असं कोणी म्हणेपर्यंत मी तिसऱ्या पायरीवरून घसरले होते. व्हरांड्याच्या आडोशाला कठडा रंगवणाऱ्या माणसानं मला कोपराला धरून सावरलं, आणि माझ्या पांढऱ्या बाहीवर त्याचा हिरवागार अंगठा उमटला.

टेक्ससच्या किनाऱ्यावरच्या या गॅल्व्हस्टनचा पाऊस समुद्रावरून आडवा येतो; छत्री नुसती शोभेला. मी भिजले होते, आणि ह्यूस्टनपासून राग जपत आले होते, तो मात्र कोरडा ठणठणीत होता.

"मी एमेट. घर माझंच. पडीक होतं, सात वर्षं खपलो तेव्हा पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देण्याजोगं झालं." त्यानं माझी बॅग उचलली. "तुम्हाला वरची खोली. ओटिलीची!"

"कोण ओटिली?" मी भोळेपणानं विचारलं. वादळं झाली की विम्याचे दावे तपासणं हा माझा धंदा. माणसाला आधी पोटभर खोटं बोलू द्यावं, मग पकडावं.

त्याचे डोळे चमकले. डोळे चांगले होते, ही नोंद नाइलाजानं करते.

"एकोणीस वर्षांची. ऐन लग्नात नवरदेवानं दगा दिला, आणि बिचारीनं त्या खिडकीतून... पांढऱ्या झग्यात... अजून फिरते म्हणतात."

"मेली?"

"जागच्या जागी."

"अरे वा! मग मला कोळंबी सोलायला कोणी शिकवलं?"

"म्हणजे... ?"

"ओटिली माझी पणजी. सहा मुलं वाढवून, दोन नवरे पोचवून सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली. आणि दगा तिनं दिला! छताला गिलावा करायला आलेल्या पोराबरोबर त्याच खिडकीतून पळाली. बापानं गावभर सांगितलं, पोरगी मेली. पुन्हा या दारात उभं केलं नाही. त्यानं तिला एकदाच मारलं, मिस्टर एमेट. तुम्ही रोज मारता... न्याहारीबरोबर! तुमच्या जाहिरातीतच वाचलं मी."

तो कानापर्यंत लाल झाला. "मला खरंच ठाऊक नव्हतं. जुन्या पत्रकात छापलं होतं..."

"मग उद्या न्याहारीला सगळ्यांसमोर खरं सांगा."

"भूत गेलं तर पाहुणेही जातील हो. माझे पडदे बघायला कोण येतंय? ऑक्टोबरभर खोल्या भरल्यात, त्या तिच्यामुळे."

"मेलेल्या मुलीला कामाला जुंपलंत. सुट्टी तरी देता का?"

मी दार आपटलं. जुनं सागवानी दार. आपटायला फार समाधान वाटतं.

संध्याकाळी तो खिडकीची खडखड दुरुस्त करायला आला. पाठमोरा राहूनच म्हणाला, "कशी होती ती?"

मी रागातच सुरुवात केली. ती पत्त्यांत लबाडी करायची, पाद्र्याला उलट बोलायची, हे सांगता सांगता अर्धा तास गेला. तो नेमक्या जागी हसला. मला आणखी राग आला... स्वतःचा.

सकाळी लांब टेबलाशी सहा पाहुणे होते. डॅलसच्या मिसेस पिकेट दर वर्षी भुतासाठी येत.

"काल पायांना गार हात लागला!" त्यांनी जाहीर केलं. "तीच!"

मी एमेटकडे पाहिलं. कॉफीचं भांडं त्यानं खाली ठेवलं.

"तो वारा होता, मिसेस पिकेट. तुमची खिडकी नीट बसत नाही. ओटिली इथे मेली नाही... ती इथून सुटली. मी चार वर्षं तुम्हाला खोटं सांगत आलो."

आणि त्यानं सगळं सांगितलं. बापाचं खोटंही सांगितलं. मिसेस पिकेट ताडकन उठल्या. "पुढच्या महिन्यात माझा क्लब येणार होता. आता नाही!" बाकीच्यांनी अंडी संपवली आणि बॅगा भरल्या.

दुपारी पाऊस थांबला. एमेट रिकाम्या टेबलाशी बसला होता. मी समोर बसले.

"झालं समाधान?" त्यानं विचारलं.

"नाही. गिलावा करणाऱ्या पोराचं नाव चुकवलंस. ऑटो नाही, ऑगस्ट."

"अजून रागावली आहेस?"

"प्रचंड."

"किती दिवस पुरेल हा राग?"

"मी दोनच रात्रींसाठी आले होते..." माझा आवाज उगाच मऊ पडला. "तेवढ्यात काही हा संपणार नाही."

"ऑक्टोबर सगळा मोकळा आहे," तो म्हणाला. त्यानं टेबलावर हात पुढे केला... बोटांना अजून हिरवा रंग होता.

"बाकीचे कपडेही खराब होणार माझे," मी म्हणाले, आणि हात दिला.